म्हैस एका खात्याची, ताप दुसऱ्या खात्याचा : ठाणे जिल्ह्यातल्या एका रिसर्च प्रपोजलची केस

नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत कल्याण-भिवंडीकडच्या तबेल्यांतले तापाचे पेशंट अधूनमधून यायचे. ताप चढतो-उतरतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर धरलेली, वजन उतरलेलं. फाइल बघितली तर जाडजूड, आधी विडाल टेस्ट करून टायफॉइडची औषधं, मग मलेरियाची, आणि एकाला तर मणक्याचा एमआरआय बघून टीबीचं एकेटीच चालू केलेलं. मेडिसिनच्या मॅडमनी त्याला विचारलं काम काय करतोस, म्हणाला म्हशी बघतो. म्हशी गाभडतात का मध्येच, म्हणजे गर्भ पडतो का, तर म्हणाला हो की, आत्ताच दोन गाभडल्या, वार (प्लॅसेंटा) मीच हाताने ओढून काढली. तिथून ब्रुसेलाची, म्हणजे जनावरांतून माणसात येणाऱ्या एका जंतूची टेस्ट झाली आणि ती पॉझिटिव्ह आली.

इथपर्यंतची गोष्ट डॉक्टर लोकांची, त्यांनी ती लिहावी. मी लिहितोय ती त्यानंतरची, म्हणजे पैशांची. त्या कॉलेजच्या रिसर्च सेलमध्ये प्रपोजल, बजेट, यूसी (मिळालेले पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचं प्रमाणपत्र) हे माझं काम, त्यामुळे हे प्रकरण मी टेबलाच्या त्या बाजूने बघितलं. कॉलेज, फंडिंग देणाऱ्या संस्था, माणसं, कुणाचंच नाव देत नाही, कारण मुद्दा कुणा एकाचा नाहीये.

आधी आजार थोडक्यात. व्हेट, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, मराठीत याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. म्हैस शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडते, वार अडकते, दूध कमी होतं, पुन्हा गाभण राहायला त्रास होतो. त्या वारेत, पाण्यात, मेलेल्या पारडात जंतू ठासून भरलेले असतात आणि हातावरच्या खरचटलेल्या जागेतून, डोळ्यातून, श्वासातून ते माणसात जातात. दुधातूनही जातात, पण आपल्याकडे दूध उकळल्याशिवाय घेतं कोण, उकळी आली की जंतू संपला, आणि खरवसवाल्यांनीही घाबरू नये, नीट वाफवलेला असला की झालं. खरा धोका धार काढणाऱ्याला, वार ओढणाऱ्याला, व्हेटला, कत्तलखान्यात काम करणाऱ्याला. उपचार आहे, डॉक्सीसायक्लिन सहा आठवडे आणि सोबत रिफाम्पिसिन नाहीतर स्ट्रेप्टोमायसिन, पण आठ-दहा दिवसांत बरं वाटायला लागतं, मग माणूस गोळ्या सोडतो आणि ताप परत येतो.

आता मॅडमचं म्हणणं साधं होतं. माणूस बरा करून मी परत त्याच तबेल्यात पाठवते, तिथे तीच म्हैस पुन्हा गाभडणार, तोच पुन्हा वार काढणार. म्हणजे म्हैस तपासल्याशिवाय माझा पेशंट बरा झाला असं मी म्हणूच शकत नाही. ठाण्यात राहणारे एक व्हेट प्राध्यापक त्यांच्या ओळखीचे होते, ते तयार झाले, आणि दोघांनी मिळून दोन वर्षांचा अभ्यास ठरवला: तबेल्यातल्या म्हशींचं रक्त, तिथल्या कामगारांचं रक्त, आणि प्रत्येक तबेल्याच्या विक्रीच्या दुधाचं एकत्र सॅम्पल. कुठल्या तबेल्यात जंतू आहे, तिथल्या किती माणसांपर्यंत पोचलाय आणि नक्की कुठल्या कामातून पोचतोय, एवढंच शोधायचं. ऐकायला इतकं सरळ वाटतं की मलाही वाटलं हे प्रपोजल लगेच निघेल.

पहिल्यांदा पाठवलं ते माणसांच्या आरोग्यावर पैसे देणाऱ्या संस्थेकडे. उत्तर आलं विषय महत्त्वाचा आहे, पण बजेटचा मोठा भाग जनावरांवर आहे आणि तो आमच्या कक्षेत येत नाही. ठीक. मग तेच थोडं फिरवून पशुसंवर्धनाच्या बाजूच्या एका संस्थेकडे. तिथून उत्तर आलं की कामगारांच्या रक्ततपासणीचा भाग वगळून सादर करावं. म्हणजे एकाने म्हैस काढायला सांगितली आणि दुसऱ्याने माणूस. दोघांच्या जागी बसून बघितलं तर दोघंही बरोबरच आहेत, प्रत्येकाचा पैसा ज्या हेडखाली, म्हणजे बजेटच्या सदराखाली, येतो त्याच हेडखाली खर्च दाखवावा लागतो, उद्या ऑडिटला उत्तर त्यालाच द्यायचं असतं.

मुळात दिल्लीत हे सगळं कसं विभागलंय ते बघा. वैद्यकीय संशोधनाची आयसीएमआर आरोग्य मंत्रालयाखाली. शेतीच्या संशोधनाची आयसीएआर कृषी मंत्रालयाखाली. जनावरांच्या रोगनियंत्रणाचं काम मात्र 2019 पासून मत्स्य, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय या वेगळ्या मंत्रालयाकडे. आणि जैवतंत्रज्ञान विभाग विज्ञान मंत्रालयात. एक म्हैस, एक माणूस, चार मंत्रालयं. इथे मुंबईत तर जागेचंही अंतर नाही, परळला 1886 पासून व्हेटरनरी कॉलेज आहे आणि त्याच परळमध्ये हाफकिन संस्था आणि केईएम हॉस्पिटल, रिक्षाचीसुद्धा गरज नाही. अंतर आहे ते हेडमध्ये.

गंमत म्हणजे याच आजाराच्या इतिहासात हा प्रश्न एकदा सुटलेला आहे. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक या तापाने पडायचे, डेव्हिड ब्रूसने 1887 मध्ये जंतू शोधला, पण तो येतो कुठून ते पुढची बरीच वर्षं कळेना. मग 1904 मध्ये रॉयल सोसायटीच्या देखरेखीखाली एक कमिशन बसलं आणि त्यामागे नौदल, लष्कर आणि माल्टाचं सरकार असे तिघं होते. 1905 मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमित या माल्टाच्याच डॉक्टरला शेळ्यांमध्ये संसर्ग सापडला, शेळ्या दिसायला ठणठणीत. सैन्यातलं शेळीचं दूध बंद केल्यावर ताप एकदम खाली आला. सैनिकांच्या तापाचे पैसे शेळ्या तपासायला वापरले आणि उत्तर मिळालं. हा परिच्छेद मी प्रपोजलच्या प्रस्तावनेत टाकला होता, एका रिव्ह्यूअरने ऐतिहासिक माहिती कमी करावी असं लिहिलं. मी कमी नाही केली.

कॉलेजमध्येही सगळे पटलेले होते असं नाही. रिसर्च कमिटीच्या मीटिंगमध्ये एका सिनियर सरांनी विचारलंच, आपण मेडिकल कॉलेज, म्हशींच्या मागे का लागायचं, प्रयोगच करायचे तर उंदीर आहेत ना. यावर बोलल्या त्या गायनॅकच्या मॅडम, ज्यांचा या प्रोजेक्टशी तसा काही संबंध नव्हता. म्हणाल्या, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झालेल्या बाईला आपण स्टेरॉइडची इंजेक्शनं देतो, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून, ती कुठून आली माहितीय का? न्यूझीलंडमध्ये लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होता, मेंढीला कळा कशामुळे सुरू होतात हे शोधत होता. पोटातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं तेव्हा ते वेळेच्या खूप आधी जन्मलं, जगायला नको होतं, पण श्वास घेत होतं, फुप्फुसात हवा गेलेली. त्यावरून हॉवी या बालरोगतज्ज्ञाबरोबर बायकांमध्ये ट्रायल केली, 1972 मध्ये छापून आली. उंदरात हे दिसलंच नसतं, उंदीर वीस दिवसांत वितो आणि एका वेळी ढीगभर पिल्लं. गाय नऊ महिने, म्हैस दहा महिने, आणि बहुतेक वेळा एकच. मीटिंगमध्ये त्यानंतर कोणी उंदराचं नाव काढलं नाही.

मला स्वतःला यातली जास्त आवडलेली गोष्ट वॉरफरिनची आहे, रक्त पातळ करायचं औषध. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडलेला स्वीट क्लोव्हर चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरत होती. तो चारा तपासता तपासता विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल लिंकच्या लॅबला डायकुमारॉल सापडलं आणि त्याच रस्त्याने पुढे वॉरफरिन. नावातला वॉर्फ म्हणजे त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या फाउंडेशनची इंग्रजी आद्याक्षरं, ज्यांनी संशोधनाला पैसे दिले. औषधाच्या नावातच फंडिंगवाल्याचं नाव, आमच्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठा सन्मान काय.

अमेरिकेत या कामासाठी 2010 नंतर एक वेगळी सोयच केली होती, दुहेरी उद्देश आणि दुहेरी फायदा अशा अर्थाचं नाव. कृषी खात्याची निफा आणि तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतली बाळ-बाळंतपणाचं काम बघणारी एनआयसीएचडी, दोघांनी मिळून पैसे द्यायचे, आणि अट अशी की प्राणी शेतीतलाच हवा, गाय, डुक्कर, मेंढी, कोंबडी वगैरे, आणि फायदा दोन्हीकडे दाखवायचा, शेतीलाही आणि माणसाच्या आरोग्यालाही. एकच दाखवला तर चालत नाही. आम्ही त्याला अर्ज करणार नव्हतो, ते तिकडचं तिकडे, पण ती अट मला पटली आणि तिसऱ्यांदा लिहिताना आम्ही प्रपोजल तसंच बांधलं.

म्हणजे नक्की काय केलं? आधीच्या दोन्ही प्रपोजलमध्ये एक बाजू मुख्य होती आणि दुसरी शेपटासारखी मागे जोडलेली. तिसऱ्यात दोन उद्दिष्टं वेगवेगळी उभी केली, प्रत्येकाचा पीआय (मुख्य संशोधक) वेगळा, संस्था वेगळी, बजेटचं पान वेगळं, आणि एक बाजू उद्या कुणी कापली तरी दुसरी एकटी पूर्ण होईल अशी. दोघांना जोडणारी गोष्ट फक्त एक, तबेल्याचा नंबर. अमुक नंबरच्या तबेल्यातल्या म्हशी आणि त्याच नंबरच्या तबेल्यातली माणसं. शिवाय एक छोटा विज्ञानाचा प्रश्न घातला जो मला आधी माहीतच नव्हता: गाई-म्हशीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर भरपूर असते, ब्रुसेलाला ती फार आवडते, आणि जंतू तिथेच गर्दी करतो याचं ते एक कारण मानलं जातं. बाईच्या वारेत ती जवळपास नसते. तरीही गरोदरपणात ब्रुसेला झाला तर गर्भपाताचा धोका वाढतोच, मग तो कसा? तबेल्यावर राहणाऱ्या कामगारांच्या बायकाही शेण काढतात, वासरं बघतात, त्यांच्याबद्दल कोणी विचारलेलंच नव्हतं. हा प्रश्न आल्यावर गायनॅकच्या मॅडमही टीममध्ये आल्या.

याच वेळी नशिबाने हवा बदललेली होती. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने हैदराबादच्या एनआयएबी या पशु-जैवतंत्रज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली वन हेल्थ कन्सॉर्शियम (संस्थांचा गट) सुरू केलं, 2022 च्या डिसेंबरमध्ये नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली, आणि माणूस-जनावर एकत्र हा शब्दप्रयोग फॉर्ममध्ये चालायला लागला. आमचं तिसरं प्रपोजल अशाच एका एकत्रित कॉलखाली गेलं. कुठल्या ते सोडा.

पण फॉर्म बदलला म्हणून खर्च कमी होत नाही, उलट वाढला. आरोग्यवाल्या पहिल्या संस्थेच्या रिव्ह्यूअरने एक कमेंट फार उपयोगी दिली होती. आम्ही 5 टक्के म्हशी पॉझिटिव्ह असतील असं धरून, 3 टक्के इकडे-तिकडे चालेल असं म्हणून 203 म्हशींचं गणित मांडलेलं. त्याने लिहिलं, म्हशी काय सुट्या फिरतात का, एका तबेल्यात एकत्र असतात, एकीला आहे तिथे शेजारणीला असण्याची शक्यता जास्त, म्हणजे 203 चा आकडा फसवा आहे. मग या एकत्र असण्यासाठी आकडा वाढवायचा गुणक, म्हणजे डिझाइन इफेक्ट, 2 धरून 406. सॅम्पल दुप्पट, किट दुप्पट, ट्यूब दुप्पट, व्हेटच्या फेऱ्या दुप्पट. पगार मात्र दुप्पट करता येत नाही, एक जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) महिना 37,000 प्रमाणे दोन वर्षांचे 8,88,000, घरभाडं वेगळं, आणि एवढ्या पैशात पहाटे तीनला भिवंडीच्या तबेल्यात पोचणारा व्हेट पदवीधर शोधून दाखवा. पहाटेच कारण धारेच्या वेळीच म्हशी शांत उभ्या असतात आणि शेठ जागेवर असतो.

लॅबचं वेगळंच. ब्रुसेला हा लॅबमधल्या माणसाला होणाऱ्या संसर्गात कुप्रसिद्ध आहे, साध्या बेंचवर त्याचं कल्चर करायचं, म्हणजे जंतू वाढवायचा नसतो, त्याला बीएसएल-3 दर्जाची जास्त सुरक्षित लॅब लागते आणि ती आमच्याकडे नाही. म्हणून कल्चर सोडलं, रोझ बेंगाल आणि एलायझा या रक्तातल्या अँटिबॉडी बघणाऱ्या टेस्ट ठेवल्या.

पण रोझ बेंगालची अडचण या पट्ट्यात वेगळी येते, आणि ती समजायला इथला तबेला समजायला हवा. हा गावचा गोठा नाही. इथे म्हशी पैदा होत नाहीत, येतात. गुजरातेतून मेहसाणी, जाफराबादी, हरियाणातून मुऱ्हा, ताजी व्यालेली, लाखाच्या वर किंमत, आटेपर्यंत दूध काढायचं आणि भाकड झाली की बाहेर, तिच्या जागी दुसरी. सप्टेंबर 2019 मध्ये मथुरेत सुरू झालेला राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम आहे, लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला दोन्हींसाठी मिळून सुरू झाला तेव्हा 13,343 कोटींचा, पण त्यातली ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना एकदा देतात. म्हणजे ती कर्नालला नाहीतर मेहसाण्याला दिली गेली असेल तर असेल, आमच्यापर्यंत येते ती मोठी म्हैस. आणि लस घेतलेल्या काही जनावरांच्या रक्तात अँटिबॉडी टिकून राहतात, रोझ बेंगालला आजार आणि लस यातला फरक कळत नाही. पॉझिटिव्ह आली तर आजारी म्हणायचं की लसवंत?

यावर व्हेट सरांनी काढलेला उपाय मला या अख्ख्या केसमधला सगळ्यात हुशार वाटतो. म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला असतो, बारा आकडी नंबर, भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन नोंदीत त्या नंबरावर लस झाली असेल तर दिसते. म्हणजे कान बघा, नंबर टिपा, नोंद उघडा, मग टेस्ट वाचा. एका पैशाचं मशीन न घेता अर्धा गोंधळ कमी. उरलेला अर्धा गोंधळ म्हणजे ज्यांच्या कानात बिल्लाच नाही, फाटून पडलाय किंवा काढून टाकलाय, त्या म्हशी.

आता सगळ्यात अवघड जागा. तबेल्याचे शेठ लोक पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारायचे, पॉझिटिव्ह निघाली तर काय? आणि खरं सांगायचं तर याचं धड उत्तर आमच्याकडे नव्हतं. म्हशीला औषध देऊन बरी करणं व्यवहारात होत नाही. 2009 च्या पशुरोग कायद्याप्रमाणे सूचीतल्या रोगाची खबर द्यावी लागते, ब्रुसेला त्या सूचीत आहे, रोगी जनावर बाजारात आणायला बंदी आहे. शेठला कळलं की लाखाची म्हैस आजारी आहे तर तो काय करेल, गुपचूप दुसऱ्या दिवशी विकेल, आणि ती जाईल मुरबाडकडे नाहीतर शहापूरकडे एखाद्या गरीब घरी, जिथे एकच म्हैस असते. म्हणजे आमच्या टेस्टनेच रोग पुढच्या तालुक्यात पोचवला. एक शेठ स्पष्टच म्हणाले, "मॅडम, तुम्ही रिपोर्ट घेऊन जाणार, म्हैस माझ्या दावणीला राहणार. मला काय देताय ते सांगा."

आम्ही बजेटमध्ये भरपाईसाठी एक छोटी रक्कम मागितली होती. ती कापली गेली, रिसर्च ग्रँटच्या कुठल्याच हेडमध्ये जनावराची भरपाई बसत नाही. माझं मत विचाराल तर या विषयावर खर्च होणाऱ्या सगळ्या पैशात हा पैसा सगळ्यात जास्त कामाचा ठरला असता, किटच्या खर्चापेक्षा फार मोठा नव्हता आणि त्यामुळे शेठने खरं सांगितलं असतं.

मग जे हेडमध्ये बसतं ते केलं. कन्झ्युमेबलमध्ये खांद्यापर्यंतचे हातमोजे, जंतुनाशक, चुना, झाकणाचे ड्रम. वार आणि गाभडलेलं पारडू पुरायचं असतं, पण भिवंडीच्या सिमेंटच्या तबेल्यात पुरणार कुठे, ते जातं शेणाच्या ढिगावर नाहीतर नाल्यात आणि कुत्री ओढतात. म्हणून ड्रम. शिवाय प्रत्येक फेरीत व्हेट सर त्या तबेल्यातल्या इतर म्हशींचा दगडी (कासेची सूज) फुकट तपासून द्यायचे, आणि शेठ लोकांनी दार उघडलं ते ब्रुसेलासाठी नाही, दगडीसाठी. पॉझिटिव्ह म्हशीबद्दल लेखी ठरलं की ती रांगेत शेवटी बांधायची, धार शेवटी काढायची, विकायची नाही, रिपोर्ट जिल्ह्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांकडे जाणार हे आधीच सांगून सही घ्यायची. काहींनी सही केली नाही, त्यांचे तबेले सोडून दिले. न विकण्याची अट कोण तपासणार, याला उत्तर नाही.

दुधाचं सॅम्पल सगळ्यात आधी गळालं. दुधात रोग सापडला अशी बातमी व्हॉट्सॲपवर फिरली तर धंदा बसेल, ही भीती सगळ्यांना सारखी होती आणि संस्थेनेही तो भाग कापून बजेट कमी करायला सांगितलं होतं, त्यामुळे त्यावर कोणी भांडलं नाही. मला तो भाग गेल्याचं वाईट वाटतं कारण एका तबेल्याचं एकत्र दूध तपासणं सगळ्यात स्वस्त आणि तबेला निवडायला सगळ्यात सोपं.

माणसांच्या बाजूला त्रास कमी झाला. संमतीपत्र हिंदीत आणि मराठीत केलं, बरेचसे कामगार उत्तर प्रदेशातले, आणि मालकाचा नंबर फॉर्मवर नको ही त्यांची एकच अट होती, ती रास्त आहे. लक्षणं असलेल्याला सहा आठवड्यांच्या गोळ्या कॉलेजकडूनच, लक्षणं नसताना नुसती टेस्ट पॉझिटिव्ह आली तर गोळ्या न देता लक्ष ठेवायचं. यावर एक-दोन कामगार चिडले, आजार आहे म्हणता आणि औषध देत नाही. मॅडमना हे प्रत्येकाला वेगळं समजवावं लागलं आणि त्या वेळेचा पैसा कुठल्याच बजेटमध्ये नसतो.

दोन एथिक्स कमिट्या लागल्या, माणसांची वेगळी आणि जनावरांची वेगळी. म्हशीचं रक्त काढणं व्हेटचं रोजचं काम, पण तेच प्रोजेक्टसाठी काढलं की जनावरांच्या कमिटीपुढे जावं लागतं, आणि मेडिकल कॉलेजची कमिटी उंदीर-सशांची सवय असलेली, मोठ्या जनावराचा कागद बघून तो केंद्रीय समितीकडे पाठवायचा की नाही यावरच बराच काळ चर्चा. तेवढ्यात ग्रँटचं घड्याळ चालू झालेलं.

सध्या पहिला हप्ता संपत आलाय. दुसऱ्या हप्त्यासाठी दोन्ही संस्थांची यूसी एकत्र जावी लागते, आमची तयार आहे, व्हेटच्या बाजूची पावसात फेऱ्या थांबल्यामुळे अडकली, म्हणून माणसांच्या बाजूचे पैसेही थांबलेत. बजेटची पानं वेगळी केली तरी हप्ता एकच ठेवला होता, पुढच्या वेळी हप्तेही वेगळे मागायचे असं ठरलंय. आणि एक नवीन ओळ टाकायची आहे. पॉझिटिव्ह आलेल्या काही म्हशींच्या बिल्ल्यावरून त्या कुठल्या राज्यातून आल्या ते कळतं, रिपोर्ट मात्र ठाणे जिल्ह्यात जमा होतो. ज्या गावातून ती म्हैस निघाली तिथल्या गोठ्यातल्या माणसालाही ताप असू शकतो, त्याच्या तालुक्याला कळवायचं काम कुणाच्याच जॉब चार्टमध्ये नाही. त्यासाठी अर्ध्या वेळेचा एक डेटा एंट्रीचा माणूस आणि त्याचा पगार कुठल्या हेडमध्ये घालायचा, हे मी आणि व्हेट सर अजून शोधतोय.